सहावीच्या वर्गावरचा खडा

माझी मोठी जाऊ शाळेची पायरी कधी चढली नव्हती, आणि आज तालुक्यातले बरेचसे हेडमास्तर तिला बघितल्यावर खुर्ची पुढे करतात. ती खुर्चीवर बसत नाही. पोरांच्या कार्यक्रमाला जमिनीवरच बसायचं, हा तिचा नियम. आम्ही तिघी शाळांमधून फिरतो: ती, मी आणि आमच्या वस्तीतली एक मुलगी, जी बुलढाण्याला कॉलेज करून परत आली. आम्ही कोरकू. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमची चाळीसेक घरांची वस्ती आहे. आपसात आम्ही कोरकूच बोलतो, बाहेर वऱ्हाडी. मी लिहिते मराठीत, कारण दहावी मराठीत केली, तीही लग्नानंतर, दोन लेकरं झाल्यावर, घरी बसून अभ्यास करून. त्याआधीपासून मी वस्तीची आशाताई आहे. बायकांची बाळंतपणं, लेकरांचे डोस, तापाच्या गोळ्या, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर सोबत जाणं, हे माझं काम.

शाळांचं काम सुरू झालं ते जावेच्या घरापासून. माझे मोठे दीर तिला मारायचे. ते दारू पीत नव्हते. आमच्या लोकांचं काही निघालं की बाहेरचे लगेच दारूचं नाव काढतात, म्हणून मुद्दाम सांगते. शुद्धीत मारायचे. भाकर गार झाली म्हणून, बैल सुटला म्हणून, कधी काहीच नाही म्हणून. सगळ्या वस्तीला माहीत होतं. तुरी सोंगायच्या दिवसांत एका सकाळी जाऊ ओठ फुटलेला घेऊन हापशीवर आली आणि कुणाकडे न बघता हंडा भरायला लागली. माझी सासू तिथेच होती. मारणारा तिचाच मुलगा. ती तडक घरी गेली, सूप आणि पायलीभर तूर घेतली, आणि थोरल्याच्या अंगणात जाऊन पाखडत बसली.

मी गेले. शेजारीण गेली. दुपारपर्यंत आम्ही अकरा जणी झालो. ज्या त्या बाईनं आपापलं काम सोबत आणलेलं. कुणी गोधडीला टाके घालत होती, कुणी लसूण सोलत होती. दीर बाहेर आले, काय पाहिजे म्हणून विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मग ओरडले. त्यालाही कुणी उत्तर दिलं नाही. तिथेच आम्ही भाकरी खाल्ल्या, दिवेलागणीला उठलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. चौथ्या दिवशी त्यांनी पाण्याचा हंडा आणून आमच्यामध्ये ठेवला, बाजूला बसले, आणि आईकडे बघून म्हणाले की आता होणार नाही. सासू सूप खाली न ठेवता म्हणाली, "मले नको सांगू. तिले सांग."

त्यांनी तिला सांगितलं. त्यानंतर एकदा हात उचलला होता आणि तसाच खाली घेतला, असं जाऊच सांगते. आता आम्ही बाहेरगावी गेलो की घरचा स्वयंपाक दीर करतात. वरण बरं जमतं त्यांना.

आमच्या वस्तीत चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथल्या बाई नवीन होत्या, वयानं लहान. त्या चार दिवसांत शाळेच्या ओट्यावरून त्यांनी सगळं पाहिलं होतं. महिन्याभरानं त्या जावेकडे आल्या आणि म्हणाल्या, हे पोरांना सांगाल का? जाऊ म्हणाली, मी काय सांगू, मला वाचता येत नाही. बाई म्हणाल्या, वाचायचं काहीच नाही. तशी ती गेली. मग शेजारच्या गावच्या शाळेनं बोलावलं, मग तिसऱ्या. सुरुवातीला आम्ही नुसतं बोलायचो. पोरं ऐकून घ्यायची, टाळ्या वाजवायची आणि सगळं जिथल्या तिथे राहायचं. खड्यांची युक्ती आमच्या कॉलेजवाल्या मुलीनं काढली.

करायचं असं. जाऊ घरून चुलीची राख पिशवीत भरून आणते. शाळेच्या पटांगणात त्या राखेनं गाव काढायचं: रस्ता, विहीर, देऊळ, पानठेला, नाला, घरं, शाळा. नदीतले खडे टोपलीत ठेवायचे. मग प्रत्येकानं एक खडा घ्यायचा आणि जिथे आपल्याला भीती वाटते तिथे नेऊन ठेवायचा. बोलायचं नाही. कुणी कुठे ठेवला ते बघायचं नाही म्हणून बाकीचे पाठ फिरवून बसतात. ठेवणाऱ्याला विचारायचं नाही. ज्याला सांगावंसं वाटेल तो नंतर आमच्यापैकी एकीजवळ येऊन सांगेल. मुली आधी, मुलगे नंतर, आणि शेवटी शिक्षकसुद्धा. पहिला खडा मात्र आम्ही ठेवायचा, सगळ्यांसमोर, आणि का ते सांगायचं, म्हणजे पोरांना धीर येतो. जाऊ तिचा खडा स्वतःच्या घरावर ठेवते आणि सांगते. मी माझा खडा नाल्यावर ठेवायचे. लहानपणी तिथे कुत्रं मागे लागलं होतं, असं सांगायचे. कुत्रं खरंच लागलं होतं. पण त्याची भीती मला दुसऱ्या दिवशीही राहिली नव्हती.

जाऊ मुलांशी बोलते तेव्हा मला ऐकत राहावंसं वाटतं. एका शाळेत आठवीतला एक उंच मुलगा उठून म्हणाला होता, "पण बाईनं चूक केली त मंग?" पोरं हसली. जावेनं त्याला विचारलं, घरी बैल आहेत का? आहेत म्हणाला. त्यांना मारतो का? कधी कधी, म्हणाला.

"काऊन?"

"त्याईले सांगून समजत नाई."

"आन् तुह्या मायले?"

तो उभाच राहिला. बसायलाही विसरला. जावेनंच त्याला बस म्हटलं, आणि पुढचं बोलायला लागली.

दोन वर्षं असं चाललं. मग एका हिवाळ्यात बाजाराच्या गावच्या मोठ्या शाळेतून पत्र आलं. पाचवी ते दहावीची शाळा, तीन-चार वस्त्यांमधली आमची पोरं तिथेच जातात. कॉलेजवाल्या मुलीनं पत्र वाचून दाखवलं. खाली हेडमास्तरांचं नाव आणि सही होती. नाव ऐकलं आणि मी हातातलं काम पुढे तसंच चालू ठेवलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

त्या शाळेत मी दीड वर्ष शिकले होते. पाचवी पूर्ण आणि सहावी दिवाळीपर्यंत. हेडमास्तर तेव्हा साधे मास्तर होते, तरुण, साखरखेर्ड्याकडचे, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. शेतीवाडी असलेल्या घरातले, कपडे पांढरेशुभ्र. त्यांची मराठीही आमच्या भागातल्या लोकांपेक्षा वेगळी होती. सहावीत एका दुपारी मला तहान लागली. त्या पट्ट्यात पाणी खारं असतं, पिऊनही तहान राहते. मी हात वर केला आणि म्हणाले, "सर, डा." आमच्या भाषेत पाण्याला डा म्हणतात. वर्ग हसला. सरांनी मला पुढे बोलावलं, हात पुढे करायला लावला आणि लाकडी पट्टी आडवी न धरता उभी धरून मारली. काय म्हणतात, त्यांनी विचारलं. पाणी हा शब्द मला येत होता. चांगला येत होता. पण त्या वेळी तो तोंडातून निघेना. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा विचारलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनीच कंटाळून जागेवर पाठवलं. उजव्या हाताची करंगळी सुजली आणि नंतर थोडी वाकडीच बसली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले नाही. त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ झाला होता आणि आई बाळंतपणानं खचली होती. मी म्हणाले, मी घरी राहते, बाळाला बघते. आईनं विरोध केला नाही. मास्तरांबद्दल मी तिला सांगितलं नाही, बाबांना नाही, पुढे नवऱ्यालाही नाही. इतक्या वर्षांत मारापेक्षा एक वेगळाच प्रश्न मला छळायचा. वर्गात आम्ही कोरकू पोरं सात-आठ होतो. मग मीच का? माझ्यात सरांना असं काय दिसलं की त्यांना माझा एवढा राग यावा? भांडी घासताना, बसमध्ये बसल्यावर, कधीही तो प्रश्न यायचा. मी उत्तरही शोधून ठेवलं होतं: माझ्यात काहीतरी होतंच तसं.

पत्राला जावेनं होकार कळवला. मला नाही म्हणता आलं असतं. पोरीला ताप आहे म्हटलं असतं तर पुरलं असतं. मी म्हटलं नाही, आणि का नाही म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही काळीपिवळीनं गेलो. कापूस वेचणी सुरू होती, त्यामुळे वरच्या वर्गातली पोरं कमी होती, तरी दीडशेच्या वर असतील. फाटकातून आत जाताना मी जावेच्या मागे राहिले. हेडमास्तर पायऱ्या उतरून समोर आले. केस पांढरे, चालताना एक पाय जरा ओढत. हात जोडून नमस्कार केला, आमची नावं विचारली. माझं लग्नानंतरचं नाव त्यांना ओळखीचं असायचं कारण नव्हतं. चहा दिला. जाता जाता म्हणाले की चार महिन्यांनी रिटायर होणार आहेत, त्याआधी एक चांगला कार्यक्रम व्हावा अशी इच्छा होती.

पटांगणात जावेनं राखेनं गाव काढलं. शाळा काढताना तिनं पोरांना विचारून विचारून एकेक वर्ग काढला, कारण ही शाळा मोठी होती. मग तिनं आमची ओळख करून दिली. तिची स्वतःची, कॉलेजवालीची, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आन् हे माही देरानी. हे याच शाळेत शिकली."

तिला तेवढंच माहीत होतं. पोरांना आपलंसं वाटावं म्हणून ती बोलली. शिक्षक एका रांगेत बाकावर बसले होते, त्यांच्या टोकाला हेडमास्तर. त्यांनी कौतुकानं मान हलवली.

जावेनं तिचा खडा ठेवला, तिची गोष्ट सांगितली. माझी पाळी आली. मी खडा उचलला आणि नेहमीसारखी नाल्याकडे निघाले. तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक बारकी मुलगी, सहावीतलीच असावी, सहज म्हणाली, "तुमी इथी शिकल्या त शाळेत तुमाले भेव नाई वाटलं काय?"

तिला काही सुचवायचं नव्हतं. तिनं आपलं विचारलं. पण मला पुढे पाऊल टाकता येईना. इतक्या शाळांत मी पोरांना सांगत आले होते की खरा खडा ठेवा, आणि माझा स्वतःचा खडा कायम खोटा. मी वळले. राखेतल्या शाळेत शिरून सहावीच्या वर्गाशी गेले आणि तिथे खडा ठेवला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले की या वर्गात मी पाणी मागितलं होतं, माझ्या भाषेत मागितलं म्हणून मार खाल्ला, आणि मग मी शाळा सोडली. कुणी मारलं ते सांगितलं नाही. हेडमास्तरांकडे बघितलंही नाही. जावेकडे बघितलं, तर ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी आत्ताच बाहेरगावाहून आले.

मग पोरं एकेक करून उठली. नेहमी खडे विहिरीच्या वाटेवर जास्त पडतात, पानठेल्यावर पडतात, थोडे घरांवर. त्या दिवशीही तिथे पडले. पण पोरांचे ठेवून झाल्यावर आम्ही बघितलं तर सातवीच्या वर्गावर ढीग होता. तेवीस खडे. मी मोजले, कारण माझा विश्वास बसेना. सातवीला गणित शिकवणारे सर बाकावरून उठले आणि फोन आल्यासारखं करून शाळेच्या मागे गेले. शिक्षकांनी खडे ठेवायची पाळी आली तेव्हा कुणीच उठेना. मग हेडमास्तर उठले, एक खडा घेतला, बराच वेळ हातात ठेवला, आणि टोपलीत परत टाकला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. जाऊ सोबत आली आणि न विचारता दारात उभी राहिली. ते खुर्चीत बसले नाहीत. टेबलाच्या अलीकडे, माझ्यासमोर उभे राहिले.

"सहावीवरचा खडा," ते म्हणाले. "कोणाच्या वेळचा?"

"तुमच्या, सर."

त्यांनी कुठलं वर्ष ते विचारलं, माझ्या माहेरचं आडनाव विचारलं, कुठल्या बाकावर बसायची तेही विचारलं. मी सगळं सांगितलं. पट्टी उभी धरली होती तेही सांगितलं. ते खिडकीकडे बघत आठवत राहिले. खरंच आठवत होते, ते दिसत होतं.

"मला आठवंना," शेवटी ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तुम्ही सांगता ते झालंच असंल. पण मला आठवंना. मी रोज मारायचो. एखाद्या दिवशी नाही मारलं तर वर्ग हातातून जाईल असं वाटायचं."

"मले एकटीलेच नाई?"

"एकटीला? नाही हो ताई. सगळ्यांना. ज्याचा हात समोर येईल त्याला."

इथे काय झालं ते मी जसं झालं तसं सांगते. मला राग यायला हवा होता. ज्या गोष्टीनं माझी शाळा गेली ती या माणसाच्या लक्षातही नव्हती. पण माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. माझा राग नव्हता त्यांना. माझ्यात काही नव्हतं तसं. मी फक्त त्या दुपारी तहानलेली एक पोरगी होते आणि माझा हात समोर आला होता. एवढंच. मला हसू यायला लागलं, आणि डोळ्यांतून पाणीही. जाऊ दारातून आत आली आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

"सगळ्यांना मारलं म्हणून ते कमी होत नाही," हेडमास्तर म्हणाले. "चुकलो मी."

असू द्या, असं मी म्हणाले नाही. पोरांनाही आम्ही शिकवतो की ज्याला म्हणावंसं वाटत नाही त्यानं ते म्हणू नये. मी म्हणाले की तुम्ही सांगितलं ते बरं केलं. आणि मग जे खरं बोलायचं होतं ते बोलले: सातवीवरचे खडे माझ्या वेळचे नाहीत, ते आजचे आहेत.

त्यांनी पटांगणाकडे बघितलं. म्हणाले, माहीत होतं. पोरांच्या हातावर वळ दिसत होते. चार महिने राहिले, आता कशाला कुणाशी वाकडं घ्या, म्हणून गप्प बसलो. जाऊ पहिल्यांदा बोलली. "चार महिने पोराइले लय असतात, सर." त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली.

संध्याकाळी परत आल्यावर मी आधी माहेरी गेले. माहेर त्याच वस्तीत आहे, नाल्यापलीकडे. आई अंगणात शेंगा फोडत होती. मी तिच्याजवळ बसले, मूठभर शेंगा घेतल्या आणि फोडता फोडता तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं माझा उजवा हात ओढून घेतला, करंगळी दाबून बघितली, आणि म्हणाली, म्हणजे मी नव्हते तर.

मला समजेना. ती म्हणाली, तुझ्या भावाच्या वेळी मी उठू शकत नव्हते, तू म्हणालीस राहते, आणि मी ठेवून घेतलं. तुझ्या बरोबरीच्या पोरी नर्स झाल्या, तू राहिलीस. दरवेळी तुला बघितलं की वाटायचं, हिची शाळा मी खाल्ली. हे ती इतकी वर्षं मनात घेऊन होती आणि मला पत्ता नव्हता. मी म्हणाले, नाही गं, तसं काही नव्हतं. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो. थोड्या वेळानं तिनं मास्तरांना एक शिवी दिली, आमच्या भाषेतली, जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि मग ती स्वतःच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक गोष्ट आठवली आणि मी जागच्या जागी थांबले. पलीकडच्या वस्तीतली एक मुलगी दोन महिन्यांपासून शाळेत जात नव्हती. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. तिची आई मला बोलवायची, मी जायचे. जंताची गोळी दिली, ओआरएस दिलं, दोनदा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ती त्याच शाळेत होती. सातवीत. माझ्यासारख्या बाईला हे कळू नये, याचं मला फार वाईट वाटलं. मी चहाही न घेता तिच्याकडे गेले.

या वेळी पोट तपासलं नाही. तिच्या आईला म्हणाले की आम्ही दोघी जरा गोवऱ्या आणायला जातो. वाटेत मी तिला माझ्या सहावीची गोष्ट सांगितली. ती ऐकत चालली होती. नाल्याजवळ आल्यावर म्हणाली, "मले पाढे येतात. पण त्याईनं कान धरला का मी इसरतो."

मग हळूहळू बाकीचं. गणिताच्या सरांनी एकदा तिचं डोकं फळ्यावर आपटलं होतं. घरी सांगितलं नाही, कारण बाप शाळेत जाऊन भांडेल आणि मग सर अजून मारतील, असा तिचा हिशेब. मी तिला म्हणाले की तुझ्या वर्गावर काल तेवीस खडे पडले. ती थांबली. तिला वाटत होतं तिलाच मारतात, कारण ती वस्तीवरची. तेवीस, तिनं पुन्हा विचारलं. मी हो म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण आदल्या दिवशी ऑफिसात तेच माझ्याही चेहऱ्यावर आलं असणार.

पुढचं सोपं झालं नाही, पण झालं. मुलीच्या आईबापांना घेऊन आम्ही शाळेत गेलो. हेडमास्तरांनी लेखी तक्रार लिहून घेतली, टाळाटाळ केली नाही. शाळा समितीची बैठक लावली. तिथे काही जण म्हणाले की मार खाल्ल्याशिवाय गणित येत नाही, आम्हीही मार खाऊनच शिकलो. हेडमास्तर म्हणाले की मीही तसंच शिकवलं आणि त्यानं किती पोरं शाळेतून गेली याची यादी कुणाकडे नाही. गणिताच्या सरांना वर्गावरून काढलं, वरून चौकशी आली, आणि होळीच्या आधी त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी आम्हा तिघींबद्दल गावात बरंच काही सांगितलं. जाऊ म्हणाली, सांगू दे, तेवढीच आपली जाहिरात.

बैठकीच्याच आठवड्यात हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांतल्या छड्या आणि जाड पट्ट्या गोळा करायला लावल्या. खिचडी शिजवणाऱ्या बाईनं त्या चुलीत घालायला नकार दिला. चांगला वाळलेला बांबू आहे, वाया कशाला घालवायचा, म्हणाली, आणि तिनं त्या शाळेच्या परसबागेत वालाच्या वेलांना आधार म्हणून रोवल्या. त्या वर्षी खिचडीत वालाच्या शेंगा भरपूर होत्या.

मुलगी बैठकीनंतरच्या सोमवारी शाळेत गेली. पहिले काही दिवस मी तिच्यासोबत गेले, फाटकापर्यंत. मग ती म्हणाली नको येऊ, मैत्रिणी हसतात. पोटदुखी दोन-तीनदा परत आली, मग यायची थांबली. मीही तिच्या आईला गोळ्या देणं बंद केलं.

परवा बाजारात तिची आई भेटली. मिरच्या घेत होती. मुलगी आठवीत गेली म्हणाली, गणितात बरी आहे, मराठीत मागे आहे. मी विचारलं, सकाळी काही त्रास? ती म्हणाली की आता वेगळाच त्रास आहे. बसच्या आधी तासभर तयार होऊन बसते आणि भाकर खात नाही, उशीर होईल म्हणते. रोज तिच्या मागे ओट्यापर्यंत ताट घेऊन जावं लागतं.

मी तिला म्हणाले, भाकर फडक्यात बांधून दे, बसमध्ये खाईल. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही मिरच्या घेतल्या आणि एकाच काळीपिवळीनं घरी आलो.